साडेतेरा रुपये

परवा नात्यातल्या एका मुलीचा फोन आला. बाळ आठ दिवसांचं झालंय, फोटो काढून घ्यायचेत. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर हळूच म्हणाली, "आत्या, आपल्या घरच्यांना किती पडतील गं?" मी म्हटलं, "पूर्ण पडतील." पलीकडे क्षणभर शांतता. मग दोघीही हसलो. मंगळवार ठरला आणि निम्मे पैसे तिने त्याच संध्याकाळी पाठवून दिले.

हे दोन शब्द तोंडातून निघायला मला सत्तरी गाठावी लागली!

मंडळी, तुमच्यापैकी निम्म्या नातेवाइकांच्या मुलांचे फोटो आमच्याकडे फुकट निघालेले आहेत. घाबरू नका, जुनी उधारी मागायला बसलेली नाही. उलट माझीच एक चूक कबूल करायची आहे. फार दिवस मनात होती, आज लिहून टाकते.

आमच्या सुनेने लहान मुलांच्या फोटोंचा व्यवसाय सुरू केला तो जानेवारी २०१८ मध्ये. नातीच्या जन्मानंतर तिने नोकरी सोडली होती. नातीचे फोटो काढता काढता हात बसला, मग पुण्याला जाऊन थोडं शिकून आली. कॅमेरा, लेन्स, दिवे असे मिळून एक लाख ऐंशी हजार लागले. त्यातले एक लाख मी माझी ठेव मोडून दिले. सांगलीत गावभागातल्या आमच्या घराची पुढची खोली रिकामी केली, शॉप अ‍ॅक्टची नोंद केली आणि संक्रांतीनंतर बोरन्हाणाचे दिवस साधून सुरुवात झाली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून पडणारी बोरं आणि चुरमुरे... पहिल्याच महिन्यात सात मुलं आली. मुकुटातला हलवा किती जणांनी तोडून खाल्ला ते विचारू नका.

मला यातलं काय कळणार, असं सुरुवातीला वाटायचं. पण मुलं कळतात की! दोन वर्षांच्या मुलाला "हस, हस" म्हटलं की तो हमखास रडतो. त्याला आधी खोलीत हिंडू द्यायचं, खाली सतरंजीवर त्याच्या उंचीवर बसायचं, आपण काहीतरी चुकीचं करायचं. मी टोपी पायात घालायला लागले की मुलं हसायची आणि सून तेवढ्यात फोटो घ्यायची. वर्गात छत्तीस वर्षं जे केलं तेच.

तान्ह्या बाळांचं काम मात्र सगळं तिचं. बाळ साधारण पाच ते पंधरा दिवसांचं असताना ते गाढ झोपतं आणि अंगाची मुटकुळी करून राहतं, म्हणून तेव्हा फोटो घेतात. खोली ऊबदार ठेवायची. दुपटी बिनवासाच्या साबणाने धुवायची. बाळाने दूध मागितलं की सगळं थांबवायचं. चार फोटोंसाठी तीन तास सहज जातात. लोक मोबाईलवर एक फोटो दाखवतात, बाळाने दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकलीय असा. तसाच हवा म्हणतात. खरं तर तो एक फोटो नसतो, दोन असतात. एकात डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात हात धरलेले असतात, आणि नंतर संगणकावर धरणाऱ्याचे हात पुसून दोन्ही जोडतात. एवढ्याशा मानेला ते वजन पेलत नाही. सून आईला शेजारी बसवूनच सगळं करते आणि जोडायला वेळ नसेल तर सरळ "नाही" म्हणते.

म्हणजे "नाही" म्हणता येत नव्हतं असं नाही. माझ्यासमोर येत नव्हतं.

एका बैठकीचे पंधराशे रुपये ठरवले होते. त्यात छोटा अल्बम आणि एक फ्रेम. हा आकडा कुठून आला? गावातल्या इतर स्टुडिओंकडे बघून, थोडा कमी! आणि नात्यातलं, शेजारचं, माझ्या जुन्या शाळेतलं कुणी आलं की मी आधीच सांगून टाकायची, "अगं, घरच्यांकडून कसले पैसे!" मला त्यात भूषण वाटे. मी आयुष्यभर घरी मुलांना शिकवलं, कधी शिकवणीचा एक रुपया घेतला नाही. तोच बाणा घरात चालावा असं मला वाटत होतं. सून काही बोलायची नाही. मीही समजून घेतलं की तिलाही हेच पटतंय.

२०१८ सालीच आमचा एक भाचा मुलीला घेऊन आला होता. निघताना त्याने सुनेच्या हातात पाकीट ठेवलं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि त्याच्या खिशात परत कोंबलं. तो "मावशी, अगं..." म्हणत राहिला. सून दिव्याची वायर गुंडाळत होती. ती गुंडाळतच राहिली.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर आला. २००५ साली पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं, त्यामुळे यंदाही थांबेल असं आम्ही धरून चाललो. कॅमेरा, लेन्स आणि संगणक तेवढे माडीवर नेले आणि मिरजेला नातेवाइकांकडे गेलो. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. परत आलो तेव्हा पुढच्या खोलीच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. मागचे पडदे, वेताच्या टोपल्या, लाकडी पाळणा, प्रिंटर, दोन दिवे, सगळं गेलं. नातीने एक टोपली उलटी केली, त्यातून बेडूक निघाला. त्या दिवसात आम्ही हसलो ते तेवढंच.

सत्तर हजारांचं नुकसान होतं. हिशेबाची वही माझ्याकडे असायची, ती माडीवर होती म्हणून वाचली. मला वाटलं, दीड वर्ष धंदा चाललाय, मुलं येतायत, बाजूला काहीतरी पडलेलं असणारच. वही उघडली. काहीच नव्हतं. जे उरलं होतं ते एकेक करून टोपल्यांत आणि पडद्यांत गेलं होतं, आणि त्या कचऱ्याच्या ट्रॉलीत.

मी आलेले आणि गेलेले रुपये लिहायची, तास कधी लिहिले नव्हते. सून मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर तास टिपून ठेवायची, तेही मला तेव्हाच कळलं. एका बैठकीला तयारी आणि आवराआवर धरून चार तास, फोटो निवडायला आणि दुरुस्त करायला सहा, निरोप आणि अल्बम पोचवणं एक. झाले अकरा तास. मी बी.ए. मराठीची, गणिताचा तास कधी घेतला नाही, पण हे पाचवीचं गणित होतं.

महिन्याला सरासरी बारा मुलं. त्यातली आठ पैसे देणारी, चार "घरची". आठांचे आले बारा हजार. अल्बम, फ्रेम, धुलाई, वीज मिळून प्रत्येकी सहाशे, बारा जणांचे बहात्तरशे. सामान पाच वर्षं टिकेल असं धरलं तर त्याचा घसारा महिन्याला तीन हजार. उरले अठराशे. आणि तास? बारा गुणिले अकरा, एकशे बत्तीस.

अठराशे भागिले एकशे बत्तीस. तासाला साडेतेरा रुपये.

मी तीनदा करून पाहिलं. चूक नव्हती. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आम्ही याहून कितीतरी जास्त देत होतो.

त्याच आठवड्यात भाच्याचे साडेचार हजार रुपये खात्यात आले. मागोमाग निरोप, "मावशी, मुलीच्या तीन वेळच्या फोटोंचे. तेव्हा तू घेऊ दिले नाहीस." वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्याला द्यायचे होते. तिला हवे होते. मधे मीच उभी होते.

रात्री सुनेला विचारलं, "तू मला कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "आई, लाख रुपये तुमचे होते. मी कोणत्या तोंडाने म्हणणार?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मग एक गोष्ट लक्षात आली, जी खरं तर फार आधी यायला हवी होती. मी फुकट शिकवायची ते खरं, पण माझा पगार एक तारखेला होत होता आणि आता पेन्शन येतं. माझी उदारता त्या पगारावर उभी होती. तिला एक तारीखच नव्हती. तिच्या पानातलं वाढून मी दानशूर म्हणवून घेत होते.

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली तेव्हा सगळे नियम तिने ठरवले. मी फक्त वहीत लिहून घेतले. बैठकीचे चार हजार. महिन्यात आठच मुलं, म्हणजे प्रत्येकाला नीट वेळ देता येईल. तारीख ठरवताना निम्मे पैसे. आलेल्या प्रत्येक रकमेतला दहावा भाग वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. आणि घरच्यांनाही हाच दर. मी म्हटलं, "अगं, चार हजारांना कोण येईल?" पहिल्या महिन्यात तिघंच आले. एक जुन्या ओळखीच्या बाई दर ऐकून "फार चढवलेत" म्हणून निघून गेल्या. मी गप्प बसले. सोपं नव्हतं हो!

जानेवारी २०२० मध्ये बोरन्हाणाला सगळ्या तारखा भरल्या. आणि मार्चमध्ये टाळेबंदी. पाच जणींचे आगाऊ पैसे आलेले होते. सुनेने दुसऱ्याच दिवशी सगळे परत केले, त्या वेगळ्या खात्यामुळेच ते जमलं. तान्हेपणीचे फोटो त्यांचे हुकले ते हुकलेच, पण पाचातल्या चौघी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्याकडेच आल्या. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी पहिल्या इशाऱ्यालाच सगळं सामान माडीवर होतं. त्यानंतर तिने विश्रामबागेत भाड्याने जागा घेतली, मदतीला एक मुलगी ठेवली. आज येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं परत परत येणारी आहेत. दर वाढदिवसाला येतात, तीच खुर्ची, तीच बाहुली, फक्त पाय दरवर्षी थोडे जमिनीजवळ आलेले. धंदा वाढला तो असा. नवी मुलं फार आली म्हणून नाही, आलेली टिकली म्हणून.

पावतीचा मजकूर मी केलाय. त्यात शेवटी एक ओळ आहे, हा फोटो आम्ही इतरांना दाखवावा की नाही, हो किंवा नाही. पूर्वी स्टुडिओच्या काचेच्या कपाटात आपल्या पोराचा फोटो लागला की आईबाप मिरवायचे. आता फोटो एका गावापुरता राहत नाही, म्हणून विचारलेलं बरं. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे बघा, आमच्या त्या फुकट फोटोंवर तुमचा हा हक्कही नव्हता!

फुकट बैठक आजही महिन्यात एक असते. ज्यांना परवडत नाही अशांसाठी. कुणाची करायची ते सून ठरवते, आणि वहीत ती खर्चाच्या बाजूला, तिच्या नावावर लिहिली जाते. माझ्या नाही.

असो. मंगळवारी ते आठ दिवसांचं बाळ येईल, तेव्हा ते बारा दिवसांचं झालेलं असेल. त्याच्या आईला सांगितलंय, घरातलं वापरलेलं एक दुपटं आण, बाळाला ओळखीचा वास लागतो. मागे राखी रंगाचा पडदा असणार आहे. भाच्याच्या त्या साडेचार हजारांतून पुरानंतर पहिली वस्तू घेतली ती तीच. अजून चांगला आहे.