चकाकी लागेपर्यंत

कापायचं नाही. दहा वर्षं मी हेच म्हणत आलो, आणि ज्यांनी कापायला सांगितलं त्यांच्यावर रागावत आलो.

आमच्या दिघोरीच्या घरामागे सपरीत बाबूजींची जीप उभी असते. महिंद्राची सीजे-३बी, कागदावर १९७१ ची. आत बसवलेलं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. त्यामुळे ही गाडी दुरून ओळखू येते. बाबूजींनी ती जुनीच घेतली होती. धानाचं बियाणं, खताची पोती, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या, रात्री-अपरात्री गावातला आजारी माणूस, सगळं तिनेच वाहिलं. बाबूजी गेले आणि पुढच्याच पावसाळ्यात पत्र्यावर रंगाचे फोड दिसू लागले. तेव्हा मी मनाशी ठरवलं, त्यांच्या हाताखालचा एक इंचही पत्रा टाकायचा नाही.

गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीभाऊंना बोलावलं होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पायाखालचा पत्रा ठोकून पाहिला. चांगला पत्रा खणखणतो. आमचा ओल्या मडक्यासारखा बद्द वाजला. ते म्हणाले, "गुरुजी, हा पत्रा मेला जी. कापाच लागते." मी त्यांना चहासुद्धा न विचारता परत पाठवलं. आमच्या घरी दारी आलेल्या माणसाशी कोणी असं वागलेलं नव्हतं.

मग मी स्वतःच कामाला लागलो. तारेच्या ब्रशने वरवरचा गंज खरवडायचा, त्यावर गंज काळा करणारं रसायन लावायचं, भोक असेल तिथे फायबरची जाळी, वर पोटीन, वर रंग. त्या रसायनावर माझी श्रद्धा बसली त्याला एक कारण होतं. त्यातलं टॅनिक आम्ल लोखंडाच्या गंजाशी मिळून काळं संयुग तयार करतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तिचा काळेपणा याच क्रियेतून येतो. जो हिरडा आमच्या जंगलात पायाखाली पडतो, तोच बाबूजींची गाडी वाचवणार, ही कल्पना मला फार आवडली होती. कल्पना आवडली म्हणून मी तिच्यावर नको इतका भार टाकला.

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची व्याख्या आली, तेव्हा तर मला जोरच चढला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी, असं त्यात म्हटलं होतं. बघा, सरकारही म्हणतं मूळ पत्रा राखा, असं मी घरी वाचून दाखवलं. त्याच नियमांत अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही असंही होतं, ते वाचताना मी आवाज उतरवला. आमची जीप आजही शेतावर जाते. विंटेज म्हणून तिची नोंदणी मी केलेली नाही.

गेल्या वर्षी रोवणीच्या वेळी आई शेजारच्या सीटवर बसायला चढली आणि तिचा पाय तळाच्या पत्र्यातून आरपार गेला. वरून रंग चकचकीत होता, म्हणून तिने विश्वासाने पाय टाकला. घोट्याच्या वर पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. रात्री तिच्या पायाशी बसलो होतो. ती मला काही बोलली नाही. मला मात्र एक गोष्ट दिसत होती: त्या जागी पोटीन नसतं, नुसतं भोक असतं, तर तिने तिथे पाय ठेवलाच नसता. मी गंज थांबवला नव्हता, तो कुठे आहे हे फक्त लपवलं होतं.

धान घरात आल्यावर मी ग्राइंडर घेतलं.

पहिला थर माझ्या पोटीनचा. पोटीन पाणी पितं. त्याच्या खालची बाजू दमट होती. मग फायबर. त्याखाली जे निघालं त्याने मी हात थांबवला. रिबेट मारून बसवलेला दुसराच एक पत्रा होता, किंचित बाक असलेला, कडेला ड्रमच्या कड्याची पुसट रेघ. आईला बोलावलं. ती काठी टेकत आली आणि लगेच म्हणाली, "हे तं तुह्या बाबूजीनं लावलं होतं. तेलाच्या ड्रमाचं." म्हणजे मी दहा वर्षं जो मूळ पत्रा जपत होतो तो मूळ नव्हताच. बाबूजींनीही ठिगळच लावलं होतं, आणि माझ्यासारखंच, खालचा गंज न कापता वरून. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की ते सुकत नाही. ड्रमचा पत्रा आणि जुना पत्रा यांच्यामध्ये गंजाचा बोटभर जाड पापुद्रा साचला होता. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो दोन्ही पत्र्यांना पाचरीसारखा फाकवत गेला होता.

त्याखालच्या पन्हाळीत आमच्या बांध्यांची माती होती, वर्षानुवर्षांची, धानाच्या कोंड्यासकट. तिच्यावर पांढरट खार आलेला. खताची पोती याच जागेवर ठेवली जात. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड लोखंडाला समुद्राच्या वाऱ्याइतकंच छळतं. समुद्रापासून इतक्या आत राहून आम्ही आमच्या हातांनी गाडीखाली मीठ भरत होतो. त्यात आमच्याकडचा तेराशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीभाऊंच्या दुकानात गेलो. चुकलो म्हणालो. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "किती कापलं?" मी सांगितलं तेवढ्यावर त्यांनी मान हलवली. गंज दिसतो तिथे थांबायचं नाही, पत्र्याला चकाकी लागेपर्यंत आणि तिच्याही पुढे दोन बोटं कापायचं. शिवण चांगल्या पत्र्यालाच धरते.

एक चूक तरीही केली. घरात छपराचा उरलेला जीआय पत्रा होता, तो वापरला. वेल्डिंगच्या उष्णतेने वरचं जस्त जळून पांढरा धूर झाला आणि त्या रात्री मी थंडीतापाने कुडकुडलो. मिस्त्रीभाऊंनी मग साकोलीहून १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेरचा साधा सीआर पत्रा आणायला सांगितलं. आणि त्याआधी पेट्रोलची टाकी काढून दूर न्यायला लावली. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते; रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना तोंडावर मास्क.

या गाडीचं मला आता जास्तच प्रेम वाटतं, कारण तिची घडण घरी काम करणाऱ्याला साथ देते. जवळपास सगळे पत्रे सपाट, फार तर एक वाक. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे साचे कापले, त्यावरून पत्रा. कोपरे गोल ठेवले, टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते म्हणून. ठिगळ जुन्यावर चढवायचं नाही, काठाला काठ भिडवायचा, मध्ये नखाएवढी फट. मिस्त्रीभाऊ त्यांचं सीओटू मशीन घेऊन संध्याकाळी येत, व्होल्टेज बरं असलं की. एक टाका इथे, दुसरा थेट समोरच्या बाजूला, मग थांबायचं, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की पत्रा भाकरीसारखा फुगतो. मागून मी फुटक्या घंगाळाचा तांब्याचा तुकडा दाबून धरायचो. तांबं उष्णता ओढून घेतं आणि शिवणीला चिकटत नाही. पायाखालचे दोन पत्रे बसायला नऊ संध्याकाळी लागल्या.

आतल्या बंद पन्हाळीत ब्रश पोचत नाही. तिथे मी जवसाचं उकळलेलं तेल सोडलं. उभ्या धानात उतेऱ्याने जवस टाकायची आमच्याकडे जुनी रीत. ते तेल हवेत सुकून पातळ कातडी धरतं. पोलादी नळ्यांच्या जुन्या विमानांतही नळ्यांच्या पोटात गरम जवसतेल फिरवत. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटतात. मी ती अंगणात पसरून वाळवली.

हिरड्याचं रसायन मी अजून वापरतो, पण जिथे पत्रा ठोकल्यावर खणखणतो आणि गंज फक्त अंगावर आहे, तिथेच. मेलेल्या पत्र्यात ते जीव आणत नाही. लँड रोव्हरवाल्यांनी युद्धानंतर पोलाद मिळेना म्हणून अ‍ॅल्युमिनियमची बॉडी केली, तरी तिचीही चासी पोलादीच होती आणि तिलाही गंज चढलाच. कोणत्याही गाडीला यातून सूट नाही.

ड्रमचा तो तुकडा भंगारात गेला. भंगारवाल्याच्या तराजूवर ठेवताना हात जड झाला होता, हे मी लपवणार नाही. पण तो ठेवला असता तर उद्या पुन्हा कुठेतरी लावायचा मोह झाला असता.

मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा अजून राहिलाय. वरून तो छान दिसतो, रंगही माझ्याच हातचा. परवा मुठीने ठोकून पाहिला. बद्द वाजला. खडूने मी त्याच्याभोवती रेघ मारली आहे, आणि आईने ती पाहून रेघ आणखी दोन बोटं बाहेर काढायला सांगितली.