सोर्सचे दिवस, व्हीलचे दिवस

पंधरा वर्षांपूर्वी झरी जामणीत पायथनची एखादी जड लायब्ररी बसवायची म्हणजे आधी भारनियमनाची वेळ पाहावी लागे. आयआयटी मुंबईचे प्रा. प्रभू रामचंद्रन यांच्या ‘मायावी’चंच घ्या. आकडेमोडीतून त्रिमितीय चित्रं उभी करणारं हे साधन. हुकूम द्यायचा पायथनमध्ये. राबायचं मात्र सी प्लस प्लसमधल्या व्हीटीकेनं. ते व्हीटीके बहुधा आपल्याच मशीनवर कंपाइल करावं लागे. सीमेक चालवा, मेक लावा, पंख्याची घरघर ऐकत तासन्‌तास बसा आणि वीज गेली की पुन्हा लागा कामाला. कधी ‘पायथन डॉट एच’ ही हेडर फाइल सापडत नसे, तर विंडोजवर ‘व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट’ अडून बसे. ख्रिस्तोफ गोल्के यांनी कॅलिफोर्नियातून मोफत दिलेल्या तयार बायनरी अशा वेळी देवासारख्या धावून येत. वणीच्या कॅफेत उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरून गावभर फिरे.

आता मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ‘पिप इन्स्टॉल व्हीटीके’ एवढंच लिहायचं. चहा निवायच्या आत काम फत्ते.

ही किमया आधीच कंपाइल करून ठेवलेल्या ‘व्हील’ फाइलची. 2013 पासून पिप ती ओळखू लागलं. लिनक्सच्या शेकडो तऱ्हांवरचा तोडगा 2016 मध्ये ‘मेनीलिनक्स’नं काढला: तेव्हा मुद्दाम जुन्या सेंटओएस 5 वर कंपाइल करत, म्हणजे नव्या सिस्टिमवरही ते चाले. लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या ‘ऑडिटव्हील’ त्याच फाइलीत भरून देतं. पूर्वी प्रत्येकाच्या दारात कापूस पडायचा आणि सरकी ज्यानं त्यानं काढायची; आता जिनिंगमधून थेट गाठ येते.

त्या रात्रींनी आम्हाला लिंकर शिकवला, हे खरं. पण कंपायलरशी झटापट जमली नाही म्हणून किती हुशार पोरं पहिल्याच पायरीवरून परत फिरली, तेही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मला आजचेच दिवस चांगले वाटतात.

पोरांनो, एकच करा. व्हील ही साधी झिप फाइल असते. एकदा व्हीटीकेची व्हील उघडा. पायथनच्या फाइलींशेजारी ‘डॉट एसओ’ किंवा ‘डॉट पीवायडी’ दिसेल. तुमच्यासाठी कुणीतरी आधीच केलेली मेहनत ती हीच. ती समजून घ्या आणि पुढची व्हील तुम्ही बांधा.