विचारायची लाज कसली?

मुलाच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी सोलला जाणे झाले. त्याच्या इमारतीखालीच तळलेल्या चिकनचे छोटे दुकान. तिथे कोंबडी दोनदा तळतात, म्हणून वरचा थर पातळ आणि कुरकुरीत होतो. त्यावर गोड-तिखट लाल सॉस, सोबत पांढऱ्या मुळ्याच्या आंबटगोड फोडी. वासानेच नातू हट्टाला पेटला.

सून म्हणाली, "अम्मी, आधी विचारू या." मला संकोच वाटला. परक्या मुलखात किती चौकश्या करायच्या? तिने मोबाइलवर कोरियन भाषेत प्रश्न लिहून दाखवला. काउंटरवरची मुलगी आत गेली, बाटल्यांवरचा मजकूर वाचून आली आणि दोन्ही हातांची फुली करून 'नाही' म्हणाली. कोंबडी हलाल नव्हती आणि मसाल्यात दारूही होती. मग तिनेच नकाशावर इतेवॉनची मशीद दाखवली.

१९७६ साली उघडलेल्या त्या मशिदीजवळ आम्हाला हलाल चिकन मिळाले. नातवाने बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला.

नुसते 'हो' म्हटले असते, तर तिची विक्री झाली असती. हलाल-हराम तिच्या धर्मात नसेल. पण खरे सांगून तिने आमची अमानत राखली. आणि मी विचारायलाच लाजत होते!