झिजलेले टायर

महाराष्ट्र सदनात जेवण उरकून आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावर आलो, तोच पुतण्या म्हणाला, "काका, उद्या बुद्ध सर्किटवर गाडी न्यावयाची आहे. हे टायर चालतील ना?" 2011 साली भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेच हे ग्रेटर नोएडाचे सर्किट.

आम्ही चष्मा सावरून चाकाशी उकिडवे बसलो. खाचा 3 मिलिमीटर भरल्या. कायद्याची मर्यादा 1.6. शिवाय कोरड्या सर्किटवर उथळ खाचा एका परीने बऱ्याच. नव्या टायरांचे उंच ठोकळे वळणावर लवतात नि लवकर तापतात. पाऊस आला, तर मात्र उथळ खाचांना पाणी बाहेर टाकवत नाही. नियमात बसते तेथे सही करावी, ही आमची जन्माची सवय. 'चालतील' म्हणणार, तोच कडेचे चार आकडे दिसले : 1216. म्हणजे 2016 सालचा बारावा आठवडा! नखाने दाबता रबर दाद देईना. बाजूला बारीक भेगा होत्या.

"खाचा आहेत रे, पण रबर मेले आहे," आम्ही म्हणालो. त्याचा चेहरा उतरला.

याच टायरांवरून दोन वर्षे तो आम्हांस दवाखान्यात नेत होता, हे मागाहून ध्यानी आले. सर्किट राहिले; सोमवारी चारही टायर बदलले.