बारड्यावर बाळंतविडा

तान्ह्या मुलाला घेऊन डोंगर चढायचा आहे, एवढं वाक्य घरात उच्चारून बघा. घरातलं प्रत्येक माणूस ताबडतोब सामान काढायला लागतं. अपवाद फक्त त्या तान्ह्या मुलाचा. त्याला काहीच न्यायचं नसतं. पायाचा अंगठा तोंडात जातो की नाही, एवढीच त्याची चौकशी चालू असते, आणि तो अंगठा त्याच्याबरोबर आपोआप येणारच असतो.

आमचं बिऱ्हाड झाईला. महाराष्ट्राची अगदी शेवटची ओळ म्हणा ना! थोडं पुढे गेलं की दुकानांच्या पाट्या गुजराती होतात. गावाला समुद्र आहे, मांगेल्यांच्या होड्या आहेत, वाळत घातलेल्या मासळीचा दरवळ आहे. डोंगर मात्र नाही. त्यासाठी बोर्डीला जाऊन, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या प्रसिद्ध चिकूच्या वाड्या मागे टाकून, अस्वाली धरणाच्या बाजूला जावं लागतं. तिथे बारडा उभा आहे. उंची सुमारे दीड हजार फूट. गिर्यारोहकांच्या लेखी ही किरकोळ रक्कम. पण अकरा महिन्यांचं मूल पाठीवर घेतलं की तिच्यावर दर पावलाला व्याज चढतं, तेही चक्रवाढ.

आमच्या यादीची सुरुवात आईने केली. कानटोपी, बाळगुटी, सहाण, आणि दृष्ट काढायला मीठ-मोहरी. डोंगरावर कोणाची दृष्ट लागणार, असं विचारल्यावर "माकडांची" असं तत्काळ उत्तर आलं. हिच्या यादीत बारा डायपर, सहा झबली, चार दुपटी आणि मऊ भाताचा डबा. मेहुणे डोंबिवलीहून मुद्दाम आले होते. सह्याद्रीतले किल्ले ते भाजीबाजारात फिरावं तसे फिरतात. त्यांनी दोरखंड आणि डोक्याला बांधायचा दिवा काढला. सकाळी साडेसहाला चढायचं आणि दुपारी जेवायला घरी यायचं, यात दिवा कुठे लावायचा हे त्यांनी सांगितलं नाही. सहा वर्षांच्या कन्येने वाळूत खेळायची बादली घेतली आणि एक बाहुली. बाहुलीची यादी वेगळी होती.

सगळं वजनकाट्यावर ठेवलं. मूल नऊ किलो, सामान चौदा किलो. बँकेच्या दृष्टीने व्यवहार उत्तम, कर्जापेक्षा तारण मोठं. पण बँकेत तारण पाठीवर घेऊन कोणी डोंगर चढत नाही.

मेहुण्यांनी आणलेली मुख्य वस्तू म्हणजे मुलाला पाठीवर बसवायची धातूच्या सांगाड्याची पिशवी. तिला छप्पर होतं, खोगीर होतं, रिकीब होती आणि एकूण सात बकलं होती. घोडा तेवढा आम्ही पुरवायचा होता. मात्र तिच्यामागचं शास्त्र खरं आहे. मूल मान सावरून, आधाराशिवाय बसायला लागल्याखेरीज त्याला असल्या सांगाड्यात बसवायचं नाही. मांड्यांना खालून आधार हवा, गुडघे बुडापेक्षा जरा वर हवेत. पाय नुसते लोंबकळता कामा नयेत. पट्टा आधी कंबरेचा आवळायचा, मग खांद्याचे, म्हणजे भार कंबरेवर येतो आणि मान शाबूत राहते. जी फांदी आपल्या डोक्यावरून जाते ती मागच्या स्वाराच्या तोंडाशी येते, तेव्हा दोन माणसांचं वाकायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चढणाऱ्याला घाम येतो, बसणाऱ्याला येत नाही. आपण उकडून शर्टाची बटणं सोडतो तेव्हा मागे बसलेलं मूल पहाटवाऱ्यात गारठलेलं असू शकतं, आणि ऊन चढल्यावर छपराखाली तापलेलंही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने त्याच्या मानेमागे हात लावून बघायचं. हातपाय खोटं बोलतात, मान खरं सांगते.

पायथ्याच्या वाटेवर एक वारली बाई भेटली. डोक्यावर मोळी, पाठीशी फडक्यात घट्ट बांधलेलं मूल, चाल अशी की आम्ही उभे आहोत असं वाटावं. तिने आमच्या छपराकडे, बकलांकडे, आतल्या चिरंजीवांकडे एकदा नीट बघितलं आणि काळजीने विचारलं,

"पोर बिमार हाय का?"

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अॅन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका १९६० च्या दशकात पीस कोअरतर्फे आफ्रिकेतल्या टोगो देशात गेली होती. तिथल्या आया मुलांना फडक्याने पाठीशी बांधून कामं करतात आणि मुलं शांत असतात, हे तिने पाहिलं. परत गेल्यावर स्वतःची मुलगी झाली तेव्हा तिने आपल्या आईच्या मदतीने तशीच एक झोळी शिवली. पुढे 'स्नगली' या नावाने ती जगभर खपली. पेटंट १९६९ चं. म्हणजे फडकं आफ्रिकेतून अमेरिकेला गेलं, पट्टे लावून तिथून डोंबिवलीला आलं आणि तिथून बारड्याच्या पायथ्याशी. मूळ माल तिथे आधीपासूनच वापरात होता.

आता प्रत्यक्ष काय नेलं ते सांगतो, कारण चौदा किलोंचा ताळेबंद हिने आदल्या रात्री सहा किलोंवर आणला होता. पाणी भरपूर. (सहा महिन्यांच्या आतलं मूल असेल तर त्याला आईचं दूध पुरतं, वेगळं पाणी लागत नाही, पण मग आईने दुप्पट प्यायचं.) मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी. रुंद काठाची टोपी. पातळ सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि एक कोरडा जोड. चार डायपर आणि वापरलेले परत आणायला एक पिशवी. डोंगर हा काही आपला उकिरडा नव्हे. कन्येच्या पायात जुनेच बूट, कारण नवा बूट डोंगरावर चावतो. तिच्या गळ्यात एक शिट्टी, आणि नियम एकच: आम्ही दिसेनासे झालो की जागेवर थांबायचं आणि शिट्टी वाजवायची. शेवटी जुन्या साडीचं एक लांब दुपटं. ते सतरंजी झालं, पडदा झालं, टॉवेल झालं, आणि पुढे आणखीही काही झालं.

घड्याळही सामानातच धरा. दहा वाजले की जिथे असू तिथून परत, हे आधीच ठरलं होतं. दहा वाजले तेव्हा मेहुणे म्हणाले, "बाहरोटच्या गुंफा आता अर्ध्या तासावर आहेत!" मी चिरंजीवांच्या मानेला हात लावला. मान तापली होती. आम्ही सावलीत बसलो, मेहुणे एकटे वर गेले.

खाली बसून मी हिला त्या गुंफांची हकीकत सांगितली. संजाणवर स्वारी झाली तेव्हा पारशी मंडळी आपला पवित्र अग्नी घेऊन याच डोंगरावर आली आणि बारा वर्षं राहिली, असं 'किस्सा-ए-संजाण' सांगतो. नंतर चौदा वर्षं वांसद्याला. तो अग्नी १७४२ पासून उदवाड्याला आहे. "बघ," मी म्हटलं, "अख्खं गाव पोराबाळांसकट चढलं. पण न्यायचं काय, याबद्दल एकच वस्तू ठरलेली. ती विझू द्यायची नाही, बस्स."

"त्यांना संध्याकाळी परत घरी कुठे यायचं होतं?" ही म्हणाली.

मी गप्प झालो. कानटोपी, झबली, डबे ही यादी ज्यांना परत जायला घर आहे त्यांची असते. ती लांबली म्हणून कुरकुर करावी, इतकं काही वाईट नाही.

उतरताना कन्येने ते वाक्य उच्चारलं, जे सहा वर्षांचं प्रत्येक मूल उतारावरच उच्चारतं.

"बाबा, उचल ना."

वजन अठरा किलो. पाठीवर नऊ आधीच. तेवढ्यात मेहुणे वरून आले, दोन्ही हात रिकामे. रिकामे हात काय मोलाचे असतात हे त्या घटकेला कळतं. चिरंजीव दुपट्याच्या झोळीत हिच्या अंगाशी गेले, सात बकलांचं खोगीर रिकामंच मेहुण्यांच्या पाठीवर चढलं, कन्या माझ्या खांद्यावर. मुलांबरोबरच्या सहलीची यादी करणाऱ्याने म्हणूनच पहिल्या ओळीत एक मोकळा माणूस लिहावा. दुकानात मिळत नाही, मेहुण्यांत मिळतो.

धरण दिसू लागलं तेव्हा कन्या माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून झोपली होती. अठरा किलो झोपले की पंचवीस होतात. पण ही ठेव मुदतीची आहे. आणखी दोन वर्षांनी ती खांद्यावर मावणार नाही, मग तिलाच लाज वाटेल, आणि नूतनीकरणाची सोय नाही. व्याज जे काय आहे ते मानेच्या दुखण्यात रोजच्या रोज जमा होतं. तोवर कंबरेचा पट्टा आधी, खांद्याचे मागून.