शेवटचा ‘र’

मुंबईतल्या कॉटन ग्रीनमधला ‘ग्रीन’ म्हणजे हिरवा रंग नव्हे. इंग्रजीत गावातल्या मोकळ्या, हिरवळीच्या मैदानाला ग्रीन म्हणतात. फोर्टातल्या तशा मैदानावर कापसाच्या गाठी रचल्या जात. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात शिवडीच्या अंगाला आला. मैदान मागेच राहिलं, नाव गाठींबरोबर इथवर आलं.

इथून गाठी लालबाग-परळच्या गिरण्यांत जात, आणि तिथे इंग्रजी शब्दांचं एक कुटुंबच नांदत होतं: जॉबर, डॉफर, साइडर, पीसर, वाइंडर, रिलर. सगळ्यांच्या शेवटी तोच ‘र’. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाच्या नावापुढे हा ‘र’ लागला की चाळीला त्याचं काम कळे. जॉबर कामगारांवरचा मुकादम. पीसर तुटलेला धागा सांधणारा. डॉफर भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढवणारा, बहुधा कोवळा पोरगा. ‘डू’ आणि ‘ऑफ’ जुळून झालेलं ते जुनं क्रियापद खुद्द इंग्रजीत रोजच्या बोलण्यात आता क्वचितच ऐकू येतं. आपल्या पोरांनी ते रोज हातांनी चालवलं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

साइडर म्हणजे कताईयंत्राची एक बाजू सांभाळणारा. मालकांना एकाच माणसाकडून दोन बाजू हव्या होत्या. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते, त्याच्या कारणांत ही दुसरी बाजूही होती. एका माणसाला दोन बाजू म्हणजे दुसऱ्याच्या घरची चूल बंद.

बायका वाइंडिंग-रिलिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामात. त्यांच्यावरची मुख्य मात्र जॉबर नव्हे, नायकीण! तिथे इंग्रजीचं काही चाललं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या सावरल्या नाहीत आणि माणसांबरोबर हे शब्दही बेकार झाले. त्या वेळी पंचविशीत असलेला साइडर आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्याजवळ बसून, त्याच्याच उच्चारात, हे सारं टिपून घ्यायला हवं: धागा तुटल्याचं त्याला आधी डोळ्यांना कळायचं की बोटांना, पाळी बदलताना तो पुढच्याला काय सांगायचा, आणि जॉबरला तोंडावर काय म्हणायचा, पाठीमागे काय.