पहिल्या पीलची नोंद

इंग्लंडमधल्या चर्चच्या मनोऱ्यात एकेका घंटेच्या दोराशी एकेक माणूस उभा असतो. घंटेला सूर एकच. पण घंटा वाजण्याचा क्रम दर फेरीला बदलायचा आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सात घंटांचे असे ५,०४० क्रम होतात. कागदावर न पाहता, सारे स्मरणाने वाजवायचे. सुमारे तीन तास लागतात. याला म्हणतात 'पील'. अडीच तासांनी क्रम कोलमडला, तरी सगळी मेहनत वाया!

१९६३ साली लॉफबरो इथे आठ जणांनी तर आठ घंटांचे सर्व ४०,३२० क्रम वाजवले. त्याला १७ तास ५८ मिनिटे लागली आणि एकानेही दोर सोडला नाही.

घंटावादकांच्या प्रादेशिक संघटना वर्षभरातल्या पीलची नोंद अहवालात छापतात. मनोरा, तारीख, वेळ, वाजवणाऱ्यांची नावे. खाली बारीक अक्षरात, कुणाच्या लग्नानिमित्त, कुणाच्या स्मृतीसाठी. आणि कधी कधी दोनच शब्द : पहिली पील.

वर्षाची खरी कमाई ती. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक कामी आले. २०१८ मध्ये, युद्धसमाप्तीच्या शताब्दीला, तितकेच नवे वादक तयार करण्याची मोहीम निघाली आणि तो आकडा पारही झाला.

पुण्याच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातही इंग्लंडहून आणलेल्या अशा आठ घंटा आहेत. घंटा शंभर वर्षे सहज टिकते. दोर धरणारे हात मात्र दर पिढीत नव्याने शिकवावे लागतात.